आईचं ब्रेन ट्यूमरचं ऑपरेशन: भुलीच्या टीमला पाचपैकी पाच, बाकीच्यांचं खाली वाचा

हॉस्पिटल पुण्यातलं आहे, प्रायव्हेट, मोठं. नाव टाकत नाहीये कारण आमच्या क्लेमचे पैसे अजून अडकलेत आणि बिलिंगबद्दल खाली जे लिहिलंय ते वाचून कुणी आमची फाईल गठ्ठ्याच्या तळाशी नको टाकायला. सर्जनबद्दल लिहिणारे भरपूर असतात, आमचे सर्जन चांगलेच होते, हात चांगला, बोलणं कमी, संपला विषय. मला लिहायचंय ते भुलीच्या डॉक्टरांबद्दल आणि तिथे त्यांनी चालवलेल्या एन्हान्स्ड रिकव्हरी नावाच्या प्रकाराबद्दल, म्हणजे पेशंट लवकर उठून चालायला लागावा म्हणून ऑपरेशनच्या आधीपासून नंतरपर्यंत सगळं आखून करायची पद्धत. ऑपरेशन ठरलं तेव्हा अख्ख्या खानदानाचे फोन येऊन गेले, प्रत्येकाने सर्जन कोण हे विचारलं, भूल कोण देणार हे एकानेही विचारलं नाही, आम्हीपण नाही. आणि आता सगळं झाल्यावर माझं ठाम मत आहे की आई इतक्या लवकर स्वतःच्या पायाने बाथरूमला गेली त्यात निम्मा वाटा या भूलवाल्यांचा आहे.

थोडक्यात केस सांगतो. आई साठीच्या पुढची, माणगावला राहते, शुगर आहे, थोडं बीपी. एक दिवस भाजी चिरता चिरता उजव्या हाताला झटके सुरू झाले, थांबेचनात, तोंडपण वाकडं झालं. तिथल्या डॉक्टरांनी लगेच फिटचं इंजेक्शन दिलं आणि पुण्याला न्या म्हणाले. एमआरआयमध्ये मेनिंजिओमा निघाला, म्हणजे मेंदूच्या बाहेर जे आवरण असतं त्यातून वाढणारी गाठ. ही बहुतेक वेळा कॅन्सरची नसते पण वाढली की मेंदू दाबते. आईची डावीकडे वरच्या बाजूला, कवटीला लागूनच होती, त्यामुळे काढायला त्यातल्या त्यात सोपी. फिटची गोळी लेव्हेटिरासिटॅम आणि सूज उतरायला डेक्सामेथासोन सुरू झालं.

आता मुख्य गोष्ट. पीएसी, म्हणजे भुलीआधीची तपासणी. माझी कल्पना अशी होती की एक ज्युनिअर डॉक्टर येणार, ईसीजी बघणार, फिटनेसवर सही मारणार. इथे वेगळी ओपीडी आहे त्याची आणि ज्या मॅडम प्रत्यक्ष भूल देणार होत्या त्याच बसल्या होत्या, आम्हाला चांगला पाऊण तास दिला. आईला म्हणाल्या, "काकू, घरून येताना सगळ्या गोळ्या आणल्यात ना, पिशवीच ओता टेबलावर." आईने ओतली. त्यातून दोन गोष्टी निघाल्या. एक, आमच्या फॅमिली डॉक्टरने वर्षानुवर्षं चालू ठेवलेली रक्त पातळ करायची छोटी ॲस्पिरिनची गोळी, जी मेंदूच्या ऑपरेशनआधी साधारण आठवडाभर बंद लागते. दुसरी, शुगरची डापाग्लिफ्लोझिन. ही गोळी चालू असताना उपाशी राहिलं आणि ऑपरेशन झालं तर शुगर नॉर्मल दिसत असूनही रक्तात ॲसिड वाढू शकतं, त्यामुळे किमान तीन दिवस आधी बंद करायची. मला हे माहीतच नव्हतं, आणि आजकाल ही गोळी शुगरवाल्या दर दुसऱ्या माणसाच्या डब्यात असते, त्यामुळे ज्यांच्या घरी कुठलंही ऑपरेशन आहे त्यांनी प्लीज हे बघा, आपल्या मनाने बंद करू नका पण डॉक्टरला दाखवा. शिवाय मावशीने दिलेला कसला तरी काढा होता, तोपण बंद. उलट फिटची गोळी आणि डेक्सा ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा घोटभर पाण्याबरोबर घ्यायचीच.

मग तोंड उघडायला लावलं, मान मागे करा, दात हलतोय का, कवळी आहे का, घोरता का, दोन जिने चढलात तर धाप लागते का. आणि एकदम विचारलं, "काकू, गाडी लागते का?" आई हसायलाच लागली, ताम्हिणी घाटात उलटी न होता ती पुण्याला आल्याचं मला आठवत नाही. मला वाटलं मॅडम गप्पा मारतायत, तर नाही, बाई माणूस, सिगारेट न ओढणारी आणि गाडी लागणारी असेल तर भुलीनंतर उलट्या व्हायची शक्यता बरीच जास्त असते, कवटी उघडायच्या ऑपरेशनमध्ये तर आणखीच, आणि डोक्याचं ऑपरेशन झाल्यावर उलटीच्या जोराने बीपी आणि डोक्यातलं प्रेशर वाढणं परवडत नाही. म्हणून उलटीची औषधं आधीच, दोन-तीन वेगळ्या प्रकारची, आणि भूलपण गॅसवर न ठेवता शिरेतून पंपाने प्रोपोफॉल देऊन. हे सगळं त्यांनी एका पानावर लिहून दिलं, मराठीत! टाईप केलेलं, ठळक अक्षरात. आईने ते पान देवघरात नेऊन ठेवलं होतं.

आईची खरी भीती वेगळीच होती, केसांची. डोकं भादरणार का, हे ती सर्जनला विचारायला लाजत होती, नवरा असताना बाईचं डोकं भादरणं या गोष्टीचा आमच्याकडच्या तिच्या पिढीच्या बायकांना किती धसका असतो ते ज्यांच्या घरी आहे त्यांना कळेल. मॅडमनी स्वतःच विषय काढला की चिरा जिथे येणार तिथली एक पट्टीच काढतात, बाकी केस तसेच, फक्त आदल्या रात्री आणि सकाळी औषधी साबणाने डोकं धुवायचं आणि आठवडाभर तेल नाही. बांगड्या, नथ, मंगळसूत्र काढून घरी, नेलपेंट पुसायचं कारण बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावतात. एवढं ऐकून आई जी सैल झाली ती त्या दिवसापासून नीट झोपायला लागली.

आता पहिली तक्रार. पानावर स्पष्ट लिहिलं होतं, जेवण सहा तास आधीपर्यंत हलकं चालेल, पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, तो जेवणातच मोडतो, कोरा चहा चालतो. ज्यांना शुगर नाही त्यांना सकाळी एक गोड पाणी पण देतात, आईला शुगर म्हणून साधंच पाणी. पण ॲडमिट झालो त्या रात्री वॉर्डातल्या सिस्टरनी नेहमीच्या सवयीने फाईलवर रात्री बारानंतर काही नाही असं लिहून टाकलं आणि पाण्याची बाटली उचलून नेली. मी पान दाखवलं तर म्हणतात आमच्याकडे असं नाही चालत. तुमच्याच हॉस्पिटलचं पान आहे हो! त्यात सकाळी एक ॲक्सिडेंटची केस मध्ये घुसली आणि आईचा नंबर पुढे गेला, म्हणजे दुपारपर्यंत कोरडी राहिली असती, शुगरचा पेशंट. शेवटी रेसिडेंट डॉक्टरला फोन लावला, तो बिचारा धावत आला, पाणी दिलं, शुगर चेक केली. प्रोटोकॉल ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, भारी असून उपयोग काय, रात्रपाळीच्या वॉर्डापर्यंत तो उतरायला नको? याचे मार्क कापले.

ओटीत काय होतं ते आपल्याला दिसत नाही, पण नंतर मॅडमनी समजावलं ते लिहितो. ऑपरेशन चालू असताना डोकं हलू नये म्हणून तीन पिनांच्या क्लॅम्पमध्ये कवटी पकडतात, त्या पिना टोचताना पेशंट पूर्ण भुलीत असला तरी बीपी उसळी मारतं. म्हणून त्याआधी स्काल्प ब्लॉक, म्हणजे कपाळ, कानशिलं आणि मागे मानेच्या वर जिथून डोक्याच्या कातडीच्या नसा निघतात तिथे जागा बधिर करायची इंजेक्शनं. दाताच्या डॉक्टरकडे हिरडीत देतात त्याच जातीचं औषध, फक्त जास्त वेळ टिकणारं. याचा फायदा नंतरही होतो, ऑपरेशन संपल्यावर कित्येक तास जखम फार दुखत नाही, त्यामुळे मॉर्फिनसारखी झोप आणणारी आणि उलटी करवणारी औषधं कमी लागतात. हीच सगळ्या गोष्टीची किल्ली आहे असं मला वाटलं, कारण मेंदूच्या पेशंटला गुंगीत ठेवलं तर तो औषधाने झोपलाय का आत रक्तस्राव झालाय म्हणून सुस्त झालाय हे कळणार कसं? बाकी मनगटाच्या धमनीत बारीक सुई, ज्याने प्रत्येक ठोक्याला बीपी दिसतं, कपाळावर भूल किती खोल आहे ते दाखवणारी पट्टी, अंगावर गरम हवेचं पांघरूण आणि मेंदू सैल पडावा म्हणून मॅनिटॉल, ज्याने लघवी भरपूर होते म्हणून नळी.

मेंदूला स्वतःला दुखत नाही हेपण तिथेच कळलं. दुखतं ते कातडीला आणि आवरणाला. आमच्या वॉर्डात एक तरुण मुलगा होता, त्याची गाठ बोलण्याच्या भागाजवळ, त्याचं ऑपरेशन चक्क जागं ठेवून केलं, चित्रं दाखवून नावं विचारत होते म्हणे. तिथे तर भूलवाल्याचंच कसब, झोपवायचं, उठवायचं, गप्पा मारत ठेवायचं, परत झोपवायचं. तो सांगत होता की मधेच मराठीऐवजी हिंदीत उत्तरं द्यायला लागलो तर सगळे एकदम शांत झाले, मग मॅडम बोलल्या, अरे तू घरी हिंदीच बोलतोस का? तो म्हणाला हो, बायको इंदूरची.

एक अवांतर. मेंदूच्या सर्जरीचा जनक ज्यांना म्हणतात ते अमेरिकेतले हार्वी कुशिंग, ते विद्यार्थी असताना 1890 च्या दशकात त्यांच्या हातून इथर, म्हणजे तेव्हाचं भुलीचं औषध, देताना एक पेशंट दगावला होता, त्यानंतर त्यांनी आणि त्यांच्या मित्राने भुलीच्या वेळी नाडी आणि श्वास कागदावर नोंदवत जायचं सुरू केलं, आणि 1901 मध्ये इटलीत बीपी मोजायचा पट्टा बघून तो अमेरिकेत नेला. म्हणजे पहिल्या मोठ्या ब्रेन सर्जनला भुलीची एवढी धास्ती होती आणि आपण साधं नाव विचारत नाही.

आईला टेबलावरच उठवलं, श्वासाची नळी तिथेच काढली, नाव विचारलं, हात दाबायला लावला, पाय हलवायला लावले. आम्हाला आयसीयूत भेटू दिलं तेव्हा तिचा आवाज बसलेला, घसा खवखवत होता, पण पहिलं वाक्य "तुम्ही जेवलात का?" हेच. उलटी एकदाही नाही. ताम्हिणीवाल्या बाईला! संध्याकाळी गिळता येतंय का बघून चमचा चमचा पाणी दिलं. तिथली एक सिस्टर फार हुशार होती, दहापैकी किती दुखतंय असं विचारल्यावर आई गोंधळायची, तर सिस्टर म्हणाली, "आजी, रुपयातलं सांगा, किती आणे दुखतंय?" आई म्हणाली चार आणे. नंतर कधीतरी आठ आणे झालं तेव्हा शिरेतून पॅरासिटामॉल दिलं, तेवढ्यात भागलं. दुखण्याच्या नेहमीच्या काही गोळ्या सुरुवातीला मुद्दाम टाळतात कारण त्यांनी रक्त वाहायची शक्यता वाढते. आईचं एकच गाऱ्हाणं, दर तासाला उठवतात, डोळ्यात बॅटरी मारतात, हात दाबायला सांगतात, झोपू देत नाहीत मेले, आणि वर आजी म्हणतात. पण पहिल्या रात्री ते लागतंच. बीपी वर चढलं की लगेच औषध. पोटऱ्यांना हवेच्या पिशव्या बांधलेल्या, फुगायच्या आणि बसायच्या, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लघवीची नळी काढली, मनगटातली सुई काढली, खुर्चीत बसवलं, दुपारी फिजिओथेरपीवाल्या मुलीने धरून चालवलं. मला भीतीच वाटली खरं सांगतो, कारण आमच्या काकांचं असंच ऑपरेशन बऱ्याच वर्षांपूर्वी दुसरीकडे झालं होतं, तेव्हा पूर्ण टक्कल, रात्रभर व्हेंटिलेटर, नळ्या निघता निघेनात, पलंगावरून हलायचं नाही, छातीत कफ होऊन न्यूमोनिया, आणि महिनाभर माणूस खचलेला. तेव्हा हेच बरोबर समजायचे. मॅडम म्हणाल्या पडून राहण्याने मेंदूला काही आराम मिळत नाही, फुफ्फुसं आणि पाय मात्र बिघडतात.

ही एन्हान्स्ड रिकव्हरीची पद्धत मुळात डेन्मार्कच्या हेन्रिक केहलेट नावाच्या सर्जननी 1990 च्या दशकात आतड्यांच्या ऑपरेशनसाठी मांडलेली, मेंदूकडे ती बरीच उशिरा आली कारण सगळे घाबरून होते. चीनमधल्या शिआनच्या एका हॉस्पिटलने 140 पेशंटवर तुलना करून 2018 मध्ये छापलं, त्यात या पद्धतीचे पेशंट ऑपरेशननंतर जुन्या पद्धतीच्या पेशंटपेक्षा लवकर घरी गेले. टोरंटोत तर 1996 पासून निवडक पेशंटना ब्रेन ट्यूमर काढून त्याच संध्याकाळी घरी सोडतात! आपल्याकडे ते जमेल असं मला वाटत नाही, रात्री दोनला डोकं दुखायला लागलं तर माणगावहून कुठे पळणार. आणि हे सगळ्यांना लागूपण नाही. शेजारच्या बेडवरच्या बाबांची गाठ मागे खोल होती, गिळायच्या नसांजवळ, त्यांना मुद्दाम रात्रभर व्हेंटिलेटरवर ठेवलं आणि ते बरोबरच होतं. त्यांची मुलगी मला विचारत होती तुमच्या आई चालतायत मग आमचे बाबा का नाही. अशी तुलना नका करू.

डेक्साबद्दल दोन शब्द, कारण घरी आल्यावर आमचा सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. सूज उतरवायला ते लागतंच पण शुगर वाढवतं, आईची तीनशेच्या वर गेली, इन्सुलिन लावावं लागलं. झोप उडते, भूक खा-खा सुटते, चिडचिड होते, आई रात्री उठून डबे लावायला लागली. मग फोनवर विचारलं तर म्हणाले शेवटचा डोस दुपारी चारच्या आत द्या, आणि खरंच फरक पडला. हे डिस्चार्ज कार्डावर लिहायला काय झालं होतं? कार्डावर नुसतं डेक्सा टेपर, म्हणजे हळूहळू कमी करा, एवढंच लिहून मोकळे, कुठल्या दिवशी किती ते मेडिकलवाल्याने समजावलं. एकदम बंद करायचं नसतं हे तरी ठळक लिहा. बद्धकोष्ठावरही आधीच औषध मागून घ्या, जोर करणं चालत नाही.

जेवण रद्दी. शुगरच्या पेशंटला साबुदाण्याची खिचडी आली ट्रेमध्ये, मी ट्रे आणणाऱ्या मावशींना परत न्यायला सांगितली, घरून मुगाची पातळ खिचडी आणली तर गेटवर सिक्युरिटी डबा सोडेना.

आणि बिलिंग. एकूण साडेचार लाखांच्या आसपास गेले, गुणवत्तेला बघता मी त्याबद्दल रडत नाही. पण भुलीची फी सर्जनच्या फीच्या टक्क्यात लावतात आणि रूमचा क्लास वाढला की दोन्ही वाढतात, औषध तेच, डॉक्टर तेच, ओटी तीच. आम्हाला डबल शेअरिंग हवी होती, शिल्लक नाही म्हणून सिंगल दिली. पॉलिसीत रूमच्या भाड्याची मर्यादा असेल तर विमा कंपनी फक्त भाड्यातला फरक कापत नाही, त्याच प्रमाणात डॉक्टरांच्या फीपासून बरंच काही कापते, हे काउंटरवर कुणी सांगत नाही. आमचं तेच झालंय. कॅप, ग्लोव्हज वगैरे वेगळे कापले. महात्मा फुले योजनेत मेंदूची ऑपरेशनं बसतात, रेशनकार्ड असेल तर आधी योजनेतल्या हॉस्पिटलची यादी बघून घ्या, हे हॉस्पिटल त्यात नव्हतं. डिस्चार्जचा किस्सा तर कळसच, डॉक्टरांनी सकाळी राउंडला घरी जा सांगितलं, आई साडी नेसून तयार, आणि टीपीएचं, म्हणजे विमा कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्यांचं, अप्रूव्हल रात्री आलं. लवकर बरं करायची एवढी धडपड करायची आणि माणसाला कागदासाठी दिवसभर खुर्चीत बसवून ठेवायचं.

तरी कुणी विचारलं तर मी इथेच जा म्हणेन, फक्त आधी पीएसीला वेळ घ्या आणि विचारा की भूल नक्की कोण देणार, मेंदूच्या केसेस नेहमी करतात का, स्काल्प ब्लॉक देणार का, पाणी कधीपर्यंत, टेबलावरच उठवणार की व्हेंटिलेटर, पहिल्या रात्री आयसीयूत भुलीचा डॉक्टर असतो का. नीट उत्तरं देतात, चिडत नाहीत. वॉर्डच्या सिस्टरला मात्र ते पान झेरॉक्स काढून फाईलला स्टेपल करायला लावा.

टाके काढायला गेलो तेव्हा आईने पेढ्यांचे दोन बॉक्स नेले होते, एक सर्जनसाठी, एक भुलीच्या मॅडमसाठी. काउंटरवर म्हणाले मॅडम ओटीत आहेत, संध्याकाळशिवाय बाहेर यायच्या नाहीत, फॉलोअपला त्यांची ओपीडी नसतेच. बॉक्स सर्जनच्या केबिनबाहेरच्या मुलाकडे दिला पोचवायला, तर परत निघताना बघतो तर काय, तिथे तिघं-चौघं उभे राहून तोच बॉक्स संपवत होते.